फोटो होम मैदानातला, नजर कुणाची?

हे प्रकरण सोलापुरातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीतलं. मंडळी कोणती, माणसं कोण, हे सांगणार नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि ज्या दोघांवर यातलं सगळ्यात जास्त आलं, त्यांनी मजकूर वाचून हरकत नाही म्हणून सांगितलं आहे. पंच कमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीवर, नव्याने आलेल्यांच्या अभ्यासवर्गात हे प्रकरण वाचायला देतो. वाचून झालं की पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच: "पण मग तिचं खरंच काही होतं का?" त्याचं उत्तर इथे मिळणार नाही. ते कळण्याची गरज कमिटीला नव्हती आणि वाचणाऱ्यालाही नाही.

फोटो

बाई पस्तिशीच्या, विधवा. मुलगा सातवीत. बाहेरगावच्यांना सोलापूर म्हटलं की चादर आणि टॉवेल आठवतात, पण शाळेच्या गणवेशांचंही मोठं काम इथे चालतं. तशाच एका कारखान्यात त्या शिलाई मशीनवर आहेत. मजुरी नगावर. जून जवळ आला की घरी यायला रात्रीचे नऊ-दहा वाजतात. रविवारी मात्र शब्बाथ शाळेत लहान मुलांचा वर्ग त्यांचा, आणि तो त्यांनी कधी चुकवला नाही. नोहाच्या तारवातले प्राणी त्या गणवेशाच्या चिंध्यांतून शिवून आणायच्या. एका हत्तीला तर निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे कान होते.

जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे गड्डा. नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा ही ज्यांची भक्ती त्यांची, पण होम मैदानावरचे पाळणे आणि खाण्याचे स्टॉल सगळ्या गावाचे. आमच्या मंडळीतली अर्धी पोरं तिथे सापडतात. त्यांनी जावं की नाही यावर दरवर्षी वाद होतो, तो इथे नको. बाई मुलाला घेऊन गेल्या होत्या. तिथे त्यांचा एक फोटो निघाला. आकाशपाळण्याजवळ त्या उभ्या आहेत, शेजारी त्यांच्या कारखान्यातला कटिंग मास्तर, आणि त्याच्या हातात त्यांची पर्स.

सगळं प्रकरण त्या पर्सवर उभं राहिलं. नुसतं शेजारी उभं राहणं एक वेळ चाललं असतं. पण परक्या पुरुषाच्या हातात बाईची पर्स कशी? त्यातून तो ख्रिस्ती नाही.

फोटो काढणारा होता तरुण संघाचा पुढारी. वय सत्तावीस, लग्न व्हायचं आहे, गिटार बरी वाजवतो, प्रार्थना फार सुंदर करतो. त्याने तो त्याच रात्री एका वडीलधाऱ्या पंचांना पाठवला. खाली ओळ: "प्रार्थनेचा विषय म्हणून पाठवतोय, कृपया कुणाला सांगू नका." पंचांनी तो चौघांना पाठवला, त्याच ओळीसकट. कुणीतरी मंडळीच्या ग्रुपवर टाकला आणि पाच मिनिटांत काढूनही घेतला, पण तेवढ्यात ज्यांनी बघायचा त्यांनी बघितला होता. रविवारी उपासनेनंतर चहाच्या वेळी महिला मंडळात दुसरा विषय नव्हता.

मंडळ्यांमध्ये कुचाळकी कुचाळकीच्या नावाने सहसा येत नाही. ती प्रार्थनेचा विषय म्हणून येते, "मला फार भार वाटतोय" म्हणून येते. ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं. कान तृप्त होतात आणि वर पुण्यही पदरात पडतं.

पहिली बैठक

कमिटी सात जणांची, त्यात एक बाई. बैठक पास्टरांच्या घरी झाली. जिच्याविषयी बैठक, तिला बोलावलं नव्हतं. "उगाच तिला कशाला ओशाळं करायचं" हे कारण सांगितलं गेलं आणि सगळ्यांना पटलं.

चर्चा तासाच्या वर चालली. साडी कोणती होती, पदर कसा होता, मास्तर विवाहित आहे का, मोटारसायकलवर ती एका बाजूला बसते की दोन्हीकडे पाय टाकून, मागच्या जूनमध्ये किती वाजता घरी यायची, शेजारच्यांनी काय पाहिलं. एकाने पहिल्या करिंथकरांस पत्रातल्या सातव्या अध्यायाचा शेवट काढला: विधवेला पुन्हा लग्नाची मोकळीक आहे, पण प्रभूमध्येच. दुसऱ्याने तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातली सेवकांची लक्षणं वाचली. कमिटीतल्या बाई मला नंतर म्हणाल्या, "तासभर तिच्या साडीवर बोललो आणि प्रार्थना दोन मिनिटांची केली."

ठरलं ते असं: वर्गाला काही दिवस विश्रांती. निरोप द्यायचं काम फोटो पुढे पाठवणाऱ्या त्याच पंचांनी अंगावर घेतलं. रविवारी देवळाच्या दाराशी, चपला घालता घालता ते म्हणाले, "ताई, काही दिवस आराम करा. वर्ग दुसरं कुणीतरी बघेल."

"का?"

"तुम्हाला माहीतच आहे."

"मला माहीत नाही. तुम्ही सांगा."

त्यांनी सांगितलं नाही. बाई कापडी प्राण्यांची पिशवी तशीच घेऊन घरी गेल्या. पुढचे तीन रविवार त्या आल्या नाहीत, आणि ही गैरहजेरीच पुरावा ठरली.

पास्टर त्या बैठकीत गप्प होते. त्यांचं म्हणणं असं की कमिटी फुटू नये म्हणून ते बोलले नाहीत. कमिटी फुटली नाही हे खरं. पण मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने क्रम घालून दिला आहे: आधी एकट्याने त्या व्यक्तीकडे जा, मग एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. इथे तो क्रम उलटा झाला. मंडळीला सगळं कळलं आणि तिला कुणीच सांगितलं नाही. हा क्रम दर वर्षी शिकवणारे पास्टरच समोर बसलेले होते, म्हणून हे जास्त खटकतं.

सोमवारी आलेला मुलगा

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, पास्टरांनी येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनावर (मत्तयाचे पाच ते सात अध्याय) एक मालिका घेतली. स्त्रीकडे वासनेने बघणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच, असं पाचव्या अध्यायात आहे; त्यावरच्या उपदेशानंतर, सोमवारी सकाळी, तरुण संघाचा पुढारी त्यांच्या घरी आला. पास्टरांचा तो सुटीचा दिवस. त्यांनी चहा टाकला. मुलगा म्हणाला, "चहा नको, आधी बोलू द्या, नाहीतर मी जाईन."

पास्टरांनी तेव्हा एक गोष्ट केली, तिचं मोल पुढे कळतं. ते म्हणाले, "बोल. पण यात दुसऱ्या कुणाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर ते मी पोटात ठेवणार नाही. ते चालत असेल तर बोल." कॅथलिक धर्मगुरूला पापनिवेदनात ऐकलेलं कुठेही उघड करता येत नाही. आपल्याकडे, प्रोटेस्टंटांत, तसा संस्कार नाही, पण "पास्टरांना सांगितलं म्हणजे ते तिथेच राहणार" अशी लोकांची समजूत पक्की असते. म्हणून मर्यादा आधीच सांगितलेली बरी.

मुलगा बोलला. वर्षभर त्याचं लक्ष बाईंवर होतं. त्यांचं स्टेटस आलं की स्क्रीनशॉट काढून ठेवायचा. कारखाना सुटायच्या वेळी मुद्दाम त्या रस्त्याने गाडी काढायचा. गड्ड्याला तो त्यांच्या मागेच गेला होता. त्या संध्याकाळचे त्यांचे बरेच फोटो मोबाइलमध्ये होते, बहुतेकांत त्या एकट्या. मास्तर शेजारी आला तेव्हाचा एक त्याने निवडला, कडा कापल्या आणि पाठवला.

कापलेला भाग त्याने पास्टरांना दाखवला. मूळ फोटोत खालच्या कडेला बाईंचा मुलगा आहे, पाय पुढे करून बसलेला. बाई वाकून त्याच्या बुटाची नाडी बांधून नुकत्याच उठलेल्या असाव्यात. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून पर्स दुसऱ्याकडे दिली असेल, असा अंदाज कुणीही करील. तो खराच असेल असं नाही. पण फोटो कापताना त्या लेकराची सगळ्यात आधी अडचण झाली, हे तरी नक्की.

पास्टरांनी विचारलं, "पाठवताना काय वाटलं?"

"हलकं वाटलं. वाटलं, आता माझं मन साफ आहे, घाण तिकडे आहे." मग थोडं थांबून म्हणाला, "ती माझ्याकडे बघत नव्हती म्हणून ती वाईट. एवढंच होतं ते, पास्टर."

हे वाक्य वर्गात मी दोनदा वाचून दाखवतो. वासना आणि दोष काढणं ही आपण दोन वेगळी पापं धरतो, एक तरुणांचं, एक म्हाताऱ्यांचं. या मुलाच्या मनात पहिल्याचं दुसरं व्हायला एका रात्रीचासुद्धा वेळ लागला नाही. दोन्हींना माणूस पुरता नको असतो. तो बोलायला लागला, त्याला लेकरू आहे हे दिसलं, की दोन्हींची मजा जाते. आणि कमिटीने त्या तासाभरात पदराची आणि मोटारसायकलवरच्या बैठकीची जी उजळणी केली, ती निव्वळ पावित्र्याच्या काळजीने केली, असं मला म्हणवत नाही.

वचन कुणाला उद्देशून आहे

मत्तयाच्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या अध्यायांत प्रभू तीनदा डोळ्यावर येतो. पाचव्यात उजवा डोळा पाप करायला लावत असेल तर तो उपटून टाक. सहाव्यात डोळा हा शरीराचा दिवा. सातव्यात भावाच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ. आपण हे तीन रविवारी तीन उपदेशांत वाटून टाकतो, एक तरुण संघाला, एक दानाच्या रविवारी, एक भांडणं झाली की. प्रवचन मात्र एकच आहे आणि ऐकणारेही तेच आहेत.

पाचव्या अध्यायातली आज्ञा बघणाऱ्याला आहे. जी बघितली जाते, तिने काय घालावं, कुणाबरोबर उभं राहावं, किती वाजता घरी यावं, यावर तिथे एक शब्द नाही. उपटायचा डोळा त्याचाच. तरीही मुलींच्या शिबिरांत हेच वचन ओढणी नीट घेण्यासाठी वापरलेलं मी ऐकलं आहे.

उत्पत्तीचा अडतिसावा अध्याय आपल्याकडे व्यासपीठावरून वाचला जात नाही. लाज वाटते. यहूदाची विधवा सून तामार. यहूदाने तिला धाकटा मुलगा देण्याचा शब्द दिला आणि पाळला नाही. पुढे ती तोंड झाकून रस्त्याकडेला बसली, त्याने तिला वेश्या समजून जवळ केलं आणि मोबदल्याची हमी म्हणून आपली मुद्रा, गोफ आणि काठी तिच्याकडे ठेवली. तीन महिन्यांनी बातमी आली, सून गरोदर आहे. यहूदाचा निवाडा एका दमात झाला: तिला बाहेर काढा आणि जाळा. तिने त्या तीन वस्तू पाठवल्या आणि एवढंच विचारलं की या कुणाच्या, ते ओळखा. तेव्हा तो म्हणाला की ती माझ्यापेक्षा नीतिमान आहे.

न्यायाधीश आणि ग्राहक एकच माणूस. दावीद राजाचंही तेच. त्याने दुसऱ्याची बायको घेतली होती आणि तिच्या नवऱ्याला मारवलं होतं. नाथान संदेष्ट्याने श्रीमंताने हिसकावलेल्या, गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली तेव्हा राजा इतका संतापला की तो माणूस मेलाच पाहिजे म्हणाला. स्वतःचं पाप लपलेलं असताना दुसऱ्याच्या पापावर माणसाचा आवाज असा चढतो. मुलाने यहूदाची गोष्ट पहिल्यांदा त्या सोमवारी वाचली. "बायबलमध्ये हे आहे?" असं त्याने विचारलं. तो तरुण संघाचा तीन वर्षं पुढारी होता.

तिला काय सांगायचं

प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग हा. पास्टर यावर चार दिवस अडले होते.

मुलाला तिच्या पाया पडून सगळं कबूल करायचं होतं. कबुली म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर असंच काहीतरी येतं, रडणं, पाया पडणं, क्षमा. पास्टरांनी अडवलं. तिच्याविषयी मनात काय काय आलं हे तिला ऐकवणं म्हणजे तीच घाण तिच्या अंगावर टाकून आपण मोकळं होणं. वर तिने क्षमाही करायची, तीही त्याच्यासमोर, तिथल्या तिथे. ती देवाजवळ आणि पास्टरांजवळ बोलायची गोष्ट.

पण मग तिला काहीच सांगायचं नाही का? तिच्या मागे माणूस फिरत होता, तिचे फोटो काढत होता. हे विचार नव्हते, कृत्यं होती, आणि तिच्या जिवाशी त्यांचा संबंध होता. ते लपवणं म्हणजे दयेच्या नावाखाली दगा. शेवटी पास्टरांनी रेघ इथे ओढली: जे त्याने केलं ते तिला कळलं पाहिजे, जे त्याच्या मनात चाललं ते कळायचं कारण नाही. सांगायचं पास्टरांनी, कमिटीतल्या बाईंना सोबत घेऊन, तिच्या घरी, तिला सोयीच्या वेळी. मुलाने यायचं नाही.

सांगताना त्यांनी कायद्याचंही सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्त्रीचा पाठलाग करणं ७८ व्या कलमाखाली गुन्हा आहे. इथे ते कलम बसतं की नाही, हे पोलीस आणि कोर्ट ठरवतील. पास्टरांनी एवढंच म्हणायचं की तुम्हाला तक्रार करायची असेल तर मी सोबत येतो. ते तसं म्हणाले. हे मुद्दाम लिहितो, कारण मंडळीची अब्रू म्हणून अशा वेळी बाईला गप्प बसवण्याची आपल्याकडे रीत आहे. आणि बळी अठरा वर्षांखालचा असता तर निवड उरलीच नसती. २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग ते पास्टरला कुणी कितीही विश्वासाने सांगितलेलं असो.

बाई ऐकून गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्याची गाडी मी बघितली होती. मला वाटलं, तिकडेच राहायला असेल." राग त्यांना आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. "तो पोरगा निदान येऊन बोलला तरी. बाकीचे सात जण? लोक काय बी बोलायलेत म्हणून माझा वर्ग काढून घेतला. माझ्या पोराने विचारलं, आई, तू काय केलंस? काय सांगू त्याला?"

तक्रार त्यांनी केली नाही. अटी घातल्या. कमिटीतल्या बाईंसमोर त्याने सगळे फोटो काढून टाकायचे. कारखान्याच्या रस्त्याला फिरकायचं नाही. आणि कमिटीने आपल्याला समोर बसवून विचारायचं. मास्तरांविषयी त्या म्हणाल्या, "ते मी पास्टरांना सांगीन, मला वाटेल तेव्हा."

दुसरी बैठक

या बैठकीत एक पंच बोलले, जे पहिल्या बैठकीत जवळपास गप्प होते. वयाने सत्तरीच्या पुढे, सेटलमेंट भागातले. सेटलमेंट म्हणजे काय हे जुन्या सोलापूरकराला सांगावं लागत नाही. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं जाई, हजेरी घेतली जाई. सोलापुरातली ती वसाहत काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती, म्हणजे आपल्याच मंडळ्यांच्या पूर्वजांकडे. शाळा काढल्या, काम दिलं, वचन शिकवलं, आणि हजेरीही घेतली. कायदा देशभर रद्द झाला १९५२ मध्ये. भागाचं नाव राहिलं.

ते म्हणाले, "आमच्या आजोबांनी कधी कुणाचं काही घेतलं नाही. तरी रोज हजेरी द्यायचे. त्यांना कुणी विचारलं नाही, तू काय केलंस म्हणून. कागदावर लिहिलं होतं तेवढं बास. हिला तरी कुणी विचारलं का?"

योहानाच्या सातव्या अध्यायात परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहूदी पुढारी, येशूला दोषी धरून मोकळे झालेले असतात, तेव्हा त्यांच्यातलाच निकदेम त्यांना हेच विचारतो: माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय आपलं नियमशास्त्र त्याचा न्याय करतं का? त्याला उत्तर मिळालं नाही, तूही गालीलातला काय, असा टोमणा मिळाला. या पंचांना टोमणाही कुणी मारला नाही. बाईंना बोलावणं गेलं.

त्या आल्या आणि त्यांनी प्रत्येकाला विचारलं, तुम्ही स्वतः काय पाहिलं? सातांतल्या चौघांनी फोटोदेखील नीट पाहिला नव्हता, नुसता ऐकला होता. फोटो पुढे पाठवणारे पंच म्हणाले, "जाऊ द्या आता. कुणाचा न्याय करू नका असं प्रभूच म्हणतो. पोराचंही काही नको, हिचंही नको, विषय संपवा."

मत्तयाच्या सातव्या अध्यायातलं हे वचन सगळ्यात जास्त वापरलं जातं ते असं, आपला नंबर लागायच्या सुमारास. प्रभूचं वाक्य तिथे थांबत नाही. आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल, असं पुढे आहे. कुसळ काढायचंच आहे. गलतीकरांच्या सहाव्या अध्यायात पौलही सांगतो की अपराधात सापडलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा आणि आपणही मोहात पडू नये म्हणून स्वतःकडे बघा. इसवी सन ४०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेत ऑगस्टिनने मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यात नजर आणि भावाची कानउघाडणी हे दोन विषय त्याने शेजारी-शेजारी ठेवले आहेत. बाहेर पडल्यावर स्त्री दिसणं मना नाही, तो म्हणतो. तिची अभिलाषा धरणं किंवा तिने आपली धरावी असं इच्छिणं, हा दोष. आणि भावाची नजर तशी वळताना दिसली तर त्याला लगेच, आधी एकट्याला सांगा. शस्त्रक्रियेच्या भीतीने जखम लपवणाऱ्याच्या बाबतीत गप्प बसणं ही दया नाही, क्रूरपणा आहे. या मुलाला वर्षभरात असं कुणी म्हणालं नव्हतं. एका मित्राच्या लक्षात आलं होतं. त्याने चेष्टा केली होती.

ग्रुपवर जे फिरलं ते ग्रुपवरच मागे घ्यायचं, यावर बाई ठाम होत्या. मजकूर असा गेला:

"या ग्रुपवर एका भगिनीचा फोटो तिच्या परवानगीशिवाय आला होता. तो काढणं, पाठवणं आणि त्यावर बोलणं चूक होतं. कमिटीने त्यांचं म्हणणं न ऐकता त्यांचा वर्ग थांबवला. तो निर्णय रद्द केला आहे. फोटो कुणाकडे असल्यास काढून टाकावा. यावर इथे चर्चा करू नये."

मुलाचं नाव घालायचं का, यावर अर्धा तास गेला. नको म्हणाल्या त्या बाईच. मजकुराखाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली. फोटो बघून खाली मान घालणाऱ्यांत होते तेच बहुतेक.

मुलाने काय केलं

त्याची पहिली सूचना होती एकवीस दिवसांचा उपास. पास्टर नाही म्हणाले. उपाशी राहून तो स्वतःच्या नजरेत पुन्हा मोठा झाला असता आणि तरुण संघात त्याची साक्षही झाली असती.

नीतिसूत्रांच्या चौथ्या अध्यायात अंतःकरणाचं रक्षण कर असं तेविसाव्या वचनात आहे, आणि आपण तिथेच थांबतो. पुढच्या वचनांत रक्षण कसं करायचं ते येतं: चोविसाव्यात तोंड, पंचविसाव्यात डोळे, सव्विसाव्या-सत्ताविसाव्यात पाय. दोघांनी तीच यादी धरली. तोंड: दुसऱ्या कुणाविषयी प्रार्थनेचा विषय द्यायचाच नाही, स्वतःचा असेल तर द्यायचा. डोळे: बाईंचा नंबर काढून टाकला, रात्री दहानंतर मोबाइल स्वयंपाकघरात, फ्रिजवर. पाय: कामावरून घरी यायचा रस्ता बदलला, दहा मिनिटं जास्त लागतात. शिवाय कमिटीबाहेरच्या एका संसारी माणसाशी महिन्यातून एकदा बोलायचं, त्याने आडपडदा न ठेवता विचारायचं, याने उत्तर द्यायचं. चौथ्या शतकातला मठवासी इवाग्रियस लिहितो की विचार येणं आपल्या हातात नाही, ते मुक्कामाला ठेवायचे की नाही हे आहे. फ्रिजवरचा मोबाइल मुक्कामाच्या प्रश्नावरच होता.

सगळं सरळ झालं नाही. एकदा आईच्या मोबाइलवरून त्याने स्टेटस बघितलंच. ते त्याने त्या महिन्याच्या भेटीत स्वतः सांगितलं.

दुसरी अडचण कुणाच्या ध्यानात आली नव्हती. बाई देवळात शिरल्या की तो खाली मान घालून बाहेर निघून जायचा. लोकांच्या लक्षात यायला लागलं, आणि त्या पुन्हा एकदा, काहीही न करता, कुणाच्या तरी पापाचं कारण असल्यासारख्या दिसायला लागल्या. पास्टरांनी त्याला लूकचा सातवा अध्याय काढून दिला. शिमोन परूश्याच्या घरी, गावात पापी म्हणून ओळखली जाणारी एक स्त्री येशूच्या पायांशी रडते आहे, शिमोन मनातल्या मनात तिचा आणि येशूचा दोघांचा निवाडा करून मोकळा झाला आहे, आणि येशू त्याला विचारतो, ही स्त्री तुला दिसते ना? शिमोनाने तिला बघितलंच होतं की. पण तिने काय केलं, आसवांनी पाय भिजवले, केसांनी पुसले, तेल लावलं, ते येशूला एकेक करून सांगावं लागलं. "पळू नकोस," पास्टर म्हणाले. "सगळ्यांना करतोस तसा तिलाही सलाम कर, आणि पुढे जा." तो आता करतो. त्या मान हलवतात.

सध्याची स्थिती

शब्बाथ शाळेचा वर्ग बाईंनी जूनची गडबड संपल्यावर पुन्हा घेतला, एका अटीवर: यापुढे कुणाविषयीही तक्रार आली तर ती त्या व्यक्तीसमोर वाचायची. कमिटीने तसा ठराव केला आहे. मास्तरांविषयी त्या पास्टरांशी बोलल्या की नाही, हे पास्टर सांगत नाहीत आणि मी विचारलेलं नाही.

मुलगा प्रभुभोजनाला येतो. तरुण संघाचं पुढारीपण त्याच्याकडे नाही. नाताळच्या नाटकासाठी त्याला परत घ्या असा काहींचा आग्रह आहे, क्षमा झाली ना मग, म्हणून. पास्टरांचं म्हणणं, क्षमा आणि पद यांचा हिशेब एका वहीत मांडायचा नाही. कमिटीतल्या बाईंचं म्हणणं, आधी त्यांना विचारा, ज्यांना यातून जावं लागलं. अजून विचारलेलं नाही.

फोटो चौघांना पाठवणारे आणि देवळाच्या दाराशी निरोप देणारे पंच दर रविवारी दानाची थैली फिरवतात. बाईंपुढेही धरतात. त्यांनी बाईंशी यावर एक शब्द काढलेला नाही. या पंचांशी कुणी आणि काय बोलायचं, हा विषय कमिटीच्या पत्रिकेवर आहे. दोन बैठकांत वेळ पुरला नाही, तिसरीत घेणार आहेत.